तेरा तास तीस मिनिटांची शिदोरी
(प्रस्तावना)

दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला निघताना हातात पुठ्ठ्याचं एक कार्ड मिळतं. आपलं नाव, वाटेतल्या कंट्रोलची (म्हणजे शिक्का घ्यायच्या ठिकाणांची) नावं आणि प्रत्येक कंट्रोल किती वाजता उघडणार, किती वाजता बंद होणार, एवढंच त्यावर असतं. माझं पहिलं कार्ड मी घडी घालून जर्सीच्या मागच्या खिशात, दोन केळ्यांच्या खाली कोंबलं होतं. साताऱ्यात शिक्का मारून घ्यायला ते बाहेर काढलं तेव्हा केळ्याचा लगदा सगळ्या वेळांवर पसरला होता. वाचता येत होती ती फक्त शेवटची वेळ : संध्याकाळचे ७:३०. सकाळी सहाला निघालेल्या माणसाला मिळालेले १३ तास ३० मिनिटं तिथे संपत होते.

ही पुस्तिका त्या तेरा तास तीस मिनिटांबद्दल आहे. लिहिणारा मित्र आमच्याच सायकलच्या कंपूतला. त्याने ब्रेव्हेची चारही अंतरं अनेकदा पुरी केली आहेत आणि मी त्यातली काही अर्धवट सोडली आहेत. प्रस्तावना माझ्याकडून का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "तुला नापास व्हायचा अनुभव आहे." यावर काय बोलणार? लिहायला बसलो.

सायकल कोणती घ्यावी, सीट किती उंच ठेवावी, पंक्चर कसं काढावं, हे या पुस्तिकेत नाही. त्यावर सांगणारे गल्लोगल्ली आहेत. इथे दोनच प्रश्न आहेत : किती वेगाने जायचं आणि वाटेत काय खायचं-प्यायचं. माझ्या मते हे दोन प्रश्नही नाहीत, एकच आहे. तो एक कसा, हे सांगण्यासाठीच एवढी लांब प्रस्तावना लिहितो आहे.

आधी ब्रेव्हे म्हणजे काय ते थोडक्यात. ही शर्यत नव्हे. कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. वेळेत आला तो आला. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास. चारही एका मोसमात केली की 'सुपर रँडोनियर', म्हणजे आपल्या मंडळींच्या भाषेत 'एसआर'. बाहेरून गाडीतून मदत घ्यायची ती फक्त कंट्रोलवर. एरवी आपलं ओझं आपण वाहायचं. पूर्ण झालेल्या ब्रेव्हेची नोंद पॅरिसच्या ओदाक्स क्लब पॅरिझियँकडे होते. ज्यांना हे वेड फारच चढतं ते चार वर्षांतून एकदा पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जातात : १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास. आपल्याकडून २०१९ आणि २०२३ मध्ये बरेच जण जाऊन आले.

या खेळाच्या जन्मकथेत एक गोष्ट दडली आहे आणि ती आपल्या विषयाचीच आहे. १८९७ मध्ये काही इटालियन सायकलस्वारांनी रोमहून नेपल्सपर्यंतचं सुमारे २३० किलोमीटरचं अंतर सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात कापलं. त्यांना 'ओदाक्स' म्हणजे धाडसी म्हटलं गेलं. ही कल्पना फ्रान्समध्ये आणली आंरी देग्रांजने, १९०४ मध्ये. टूर द फ्रान्स सुरू करणारा संपादक तो हाच. त्याच्या ओदाक्समध्ये सगळ्यांनी गटाने जायचं आणि पुढे एक कप्तान असायचा. कप्तानाच्या पुढे कोणी जायचं नाही आणि फार मागेही राहायचं नाही. पुढे त्या पद्धतीचा ठरलेला वेग झाला ताशी साडेबावीस किलोमीटर. कुठे थांबायचं, कधी जेवायचं, तेही ठरलेलं. १९२१ मध्ये देग्रांज आणि क्लबचं बिनसलं, त्याने आपल्या ओदाक्सचा हक्क काढून घेतला, तेव्हा क्लबने नवा प्रकार काढला : 'अल्यूर लिब्र', मुक्त वेग. कप्तान गेला. वेळेची मर्यादा राहिली आणि मधलं सगळं ज्याचं त्याच्यावर सोडलं. आज आपण भारतात जी ब्रेव्हे करतो ती याच मुक्त वेगाची.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कप्तानाचं काम आपल्या अंगावर पडलं आणि आपल्यापैकी बहुतेकांना अजून त्याचा पत्ता नाही. मोकळा रस्ता, पहाटेचा गारवा, पुढे लाल दिव्यांची रांग. त्या पहिल्या तासात कप्तान कोण असतो? पुढच्याचं चाक.

माझंही तेच झालं. पुण्याहून सातारा आणि परत, असा मार्ग होता. कात्रजचा बोगदा ओलांडून खेड शिवापूरच्या उताराला लागलो तोवर मी पाच-सहा जणांच्या एका चलाख टोळक्यात होतो. दुसऱ्याच्या मागे चाक लावून चाललं की वारा तो कापतो आणि आपले कष्ट चांगले पाव हिश्श्यापर्यंत वाचतात, हे खरं. पण ते वाचलेले कष्ट मी खिशात टाकत नव्हतो. त्यांच्या वेगाला पुरं पडण्यात घालवत होतो. शिरवळला नीरेचा पूल ओलांडताना घड्याळ पाहिलं आणि स्वतःवरच खूश झालो. खंबाटकीच्या घाटात एकालाही पुढे जाऊ दिलं नाही. कृष्णेचा पूल, पाचवड, लिंब, सातारा. कंट्रोल १२:४० ला बंद होणार होता, मी पावणेअकराला हजर. दोन तास कमावले, असं मी तिथल्या कार्यकर्त्याला सांगितलंही. त्याने नुसता शिक्का मारला. असे कमावणारे त्याने पुष्कळ पाहिले असावेत.

आता जरा आकडे. २०० किलोमीटर ताशी २२ च्या चालीने कापले तर चाकावरचा वेळ होतो नऊ तास पाच मिनिटं. ताशी २५ ने गेलात तर आठ तास. फरक एक तास पाच मिनिटांचा, म्हणजे धाब्यावरच्या दोन निवांत थांब्यांएवढा. त्यासाठी मोजावं किती लागतं? वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो रेटा सारायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. सपाट रस्त्यावर बावीसवरून पंचविसावर जाताना वाऱ्याशी झगडण्याची ताकद जवळजवळ दीडपट लागते. तीन किलोमीटरसाठी दीडपट! बाजारात या भावाने कोणी कोथिंबीरही घेणार नाही. उलट ताशी २० ने, कोणालाही लाजिरवाण्या वाटाव्यात अशा वेगाने गेलात तरी दहा तासांत दोनशे होतात आणि थांबायला साडेतीन तास उरतात.

हे गणित सगळ्यांना कळतं, तरी पहाटे सहाला कोणाला पटत नाही, कारण त्या वेळी शरीर तक्रार करत नाही. माझ्या मते या साऱ्या विषयाचं मर्म इथे आहे. शरीर खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलतं. तहान लागते तेव्हा पाणी आधीच कमी पडलेलं असतं. भूक तर कित्येकदा लागतच नाही; एकदम पाय जातात. दुसऱ्या तासात केलेल्या उधळपट्टीची पावती आठव्या तासात हातात येते आणि तोवर दुकान बंद झालेलं असतं. म्हणून लांबच्या पल्ल्यावर 'कसं वाटतंय' हे विचारून चालत नाही. घड्याळ पाहून खावं लागतं आणि बरं वाटत असताना मुद्दाम हळू जावं लागतं.

आत नेमकं काय घडतं? शरीरात जळणाचे दोन साठे आहेत. एक चरबीचा, जवळजवळ न संपणारा. सत्तर किलोच्या काटक माणसाच्या अंगावरही दहा किलो चरबी असली तर ती सत्तर हजार किलोकॅलरीच्या वर जाते. दुसरा ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा. तो जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरी. मध्यम चालीने सायकल मारताना तासाला चारशे-पाचशे किलोकॅलरी सहज लागतात. हळू गेलात तर त्यातला मोठा वाटा चरबी उचलते. जोर वाढवला की चरबीला तेवढ्या घाईने जळता येत नाही आणि साखरेचा डबा रिकामा होऊ लागतो. त्यात आणखी एक गंमत आहे. जोर फार झाला की पोटाकडचं रक्त पायांकडे वळतं आणि जठरातलं अन्न पुढे सरकायला वेळ लागतो. म्हणजे जो जास्त वेगाने जातो त्याला जास्त खावं लागतं आणि त्यालाच ते पचत नाही. वेग आणि शिदोरी हा एकच प्रश्न आहे असं वर म्हटलं, ते यासाठी.

हा साखरेचा डबा स्नायूंमध्ये कसा रिकामा होतो हे पहिल्यांदा नीट दाखवलं स्वीडनच्या योनास बेरीस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोघांनी, १९६६ मध्ये. त्यांनी प्रयोग स्वतःवरच केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि एकेका पायाने पॅडल मारत राहिले, तो पाय पार थकेपर्यंत. मग सुईने दोन्ही मांड्यांतले कण काढून तपासले. राबलेल्या पायात साखर उरली नव्हती, आराम केलेल्या पायात होती तेवढीच होती. पुढचे तीन दिवस भात-बटाट्यासारखं पिष्टमय खाल्ल्यावर राबलेल्या पायाने दुसऱ्याच्या दुपटीने साठा केला. एक पाय भुकेला आणि एक तृप्त असे हे दोन शास्त्रज्ञ त्या दिवशी प्रयोगशाळेतून घरी कसे चालत गेले असतील, याचं मला कायम कुतूहल वाटतं. त्याआधी १९२४ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटी डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं होतं. जे गळाठून गेले होते त्यांची रक्तातली साखर फार उतरली होती. पुढच्या वर्षी काहींना वाटेत गोळ्या-चॉकलेटं खायला दिली आणि ते ठणठणीत आले. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. तरी 'सकाळी काही न खाता निघालो, चरबी जळते' म्हणणारा एक तरी वीर प्रत्येक ब्रेव्हेच्या सुरुवातीला भेटतोच.

साताऱ्याहून परत निघालो ते मिसळ खाऊन. तर्री जास्तीची. दोन तास कमावलेले होते ना. परतीच्या वाटेवर घाट नाही, बोगदा आहे, हेही डोक्यात होतं. ऊन चढलं, समोरून वारा लागला, टोळकं कधीच पुढे निघून गेलं. मिसळ घशाशी येत होती म्हणून काही खाववेना. खिशातल्या केळ्यांचं काय झालं होतं ते सांगितलंच आहे. शिरवळच्या अलीकडे पाय गेले. पाय दुखले, पेटके आले, तसलं काही नव्हतं. वीज जावी तसे गेले. आमच्यात याला 'बाँक' म्हणतात, कोणी 'पेट्रोल संपलं' म्हणतात. शब्द कोणताही वापरा, पण त्यात डोकंही जातं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका मोरीच्या कठड्यावर बसलो आणि साडेसातातून पावणेतीन वजा करू लागलो. जमेना. मेंदूचं जळण मुख्यतः हीच साखर आहे, तिच्याशिवाय चौथीतली वजाबाकी होत नाही. शेजारून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरचा मला विलक्षण राग आला आणि मग रडू आलं.

तेवढ्यात सकाळी सगळ्यांत शेवटी निघालेले एक काका आले. साठीच्या पुढचे. हँडलला कापडी पिशवी. त्यांनी विचारलं काही नाही, पिशवीतून गूळ-शेंगदाण्यांची पुडी काढली, माझ्या हातावर रिकामी केली आणि म्हणाले, "चावून खा. वीस मिनिटं उठू नकोस. मग रस पी." आणि निघून गेले. ससा-कासवाची गोष्ट तुम्हाला आठवली असेल, पण ती इथे लागू पडत नाही. ससा झोपला म्हणून हरला. मी साताऱ्यात तासभर झोपलो असतो तर वेळेत पोचलो असतो.

काकांची ती वीस मिनिटं शास्त्राला धरून होती; खाल्लेलं रक्तात यायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. गुळाबद्दलही ते बरोबर होते, त्यांना माहीत असो वा नसो. आतड्याला नुसतं ग्लुकोज तासाला साधारण साठ ग्रॅमपर्यंतच शोषता येतं. फ्रुक्टोजला वेगळा दरवाजा आहे. दोन्ही एकत्र दिली तर सराव असलेल्याला नव्वद ग्रॅमपर्यंत मजल मारता येते. त्यावर परदेशी कंपन्या महागड्या जेलच्या पुड्या विकतात. आपली साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज, आणि गूळही बहुतांश तीच साखर. लोणावळ्याच्या चिक्कीचा तुकडा या हिशोबात जेलच्या फार मागे नाही. फक्त पाण्याशिवाय खाल्ला तर दातांत अडकतो आणि शेंगदाण्यातला स्निग्ध भाग जरा सावकाश पचतो. दोनशे-तीनशेच्या ब्रेव्हेला नव्वदची गरजही नाही. तासाला चाळीस ते साठ ग्रॅम पोटात जात राहिले तरी आमच्यासारख्यांचं भागतं. मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम. म्हणजे तासाला एक केळं आणि सोबत राजगिऱ्याचा लाडू, नाहीतर तीन-चार खजूर. पण एकदम नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घास, चालत्या सायकलवर. थांबून ताट वाढून घेतलं की पोट जड आणि पाय गार.

मित्राने खाण्याचं प्रकरण सगळ्यांत मोठं केलं आहे आणि योग्यच केलं आहे. त्यात गूळपोळीला त्याने जे मानाचं स्थान दिलंय त्याला माझा मनापासून पाठिंबा. कणीक, गूळ, तीळ. सपाट, खिशात मावणारी, दोन दिवस टिकणारी, चौकोनी तुकडे करून ठेवता येणारी. सायकलवाल्यांसाठीच कोणी आजीने शोधून काढली असावी. साबुदाण्याच्या खिचडीवर मात्र आमचा वाद आहे. त्याला ती पिष्टाची खाण वाटते, मला दाण्याच्या कुटामुळे आणि तुपामुळे जड. निघण्याआधी दोन तास खाल्ली तर चालेल, वाटेत नको, अशी तडजोड पुस्तिकेत छापली आहे. वडापाव तळलेला म्हणून त्याने बाद केला. मी म्हणेन, दहाव्या तासाला गोडाची शिसारी येते तेव्हा खारट काहीतरी लागतंच. अर्धा खा, चटणी कमी. गोडाची ही शिसारी नवशिक्यांना माहीत नसते. एका वेळेनंतर लाडू पाहवत नाही. म्हणून पिशवीत भडंग, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, भाकरी-लोणच्याचा एखादा तुकडा असावा. रात्रीच्या पल्ल्यात दहीभातासारखं दुसरं काही नाही, यावर आमचं दोघांचं एकमत आहे.

आणि रस. घुंगरांचा आवाज ऐकू आला की थांबावं. बाहेर कानिफनाथ किंवा नवनाथ असं काही नाव असतं, आत लाकडी बाकडं, आलं-लिंबू घातलेला ग्लास. पाणी, साखर, वरून चिमूटभर मीठ. लांबच्या सायकलस्वाराला हवं ते सगळं त्या एका ग्लासात आहे. बर्फ मात्र नको. तो कुठल्या पाण्याचा असतो ते रसवाल्यालाही माहीत नसतं.

पाण्याचं प्रकरण वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला अर्धाच खरा आहे. घामातून पाण्याबरोबर मीठ जातं. उन्हात जर्सीवर जे पांढरे नकाशे उमटतात ते त्याचेच. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि हे अगदी जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं आढळलं आणि धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांच्यात ते जास्त दिसलं. वजन वाढलं, म्हणजे घामाहून जास्त पाणी प्यायले. सोडियम आणि ग्लुकोज आतड्यातून जोडीने आत जातात आणि पाण्याला ओढून नेतात. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत हीच जोडी वापरून कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. त्याच ओआरएसची पुडी आज आपल्या बाटलीत जाते. पण २०.५ ग्रॅमची ती पुडी पूर्ण लिटरभर पाण्यासाठी असते आणि आपली बाटली अर्ध्या-पाऊण लिटरची. अख्खी पुडी त्यात रिकामी करणारे मी पाहिले आहेत, नंतर ओकारी काढतानाही पाहिले आहेत. शिवाय तिच्यात ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम. ते पाण्याचं वाहन आहे, जेवण नव्हे. ताक, लिंबू सरबत, कोकम सरबत, सगळ्यांत मीठ घालून, ही आपली जुनी सोय आहेच. किती प्यावं याचा सोपा ताळा : सरावाच्या राईडआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर लिटरभर कमी प्यायलात. वाढलं असेल तर पुढच्या वेळी हात आवरा.

चढाच्या प्रकरणात मित्राने भौतिकशास्त्र जरा जास्तच घातलं आहे, तो इंजिनिअर असल्याची ती खूण समजा. त्यातलं मला उपयोगी वाटलं ते एवढंच. सायकलसकट ऐंशी किलोचा माणूस शंभर मीटर उंची चढतो तेव्हा त्याला सुमारे ऐंशी किलोकॅलरी खर्च येतो. दर शंभर मीटरला एक लहानसं केळं. घाटात वेग कमी असल्याने वारा फारसा आड येत नाही, म्हणून तिथे थोडा जास्त जोर लावणं आणि उतारावर पाय सैल सोडणं हे हिशोबाला धरूनच आहे. पण 'थोडा' हा शब्द मोठ्या अक्षरांत वाचा. कसोटी एकच : शेजारच्याशी श्वास न तुटता एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. 'हो', 'चल', 'पुढे' ही वाक्यं नव्हेत. छातीला पट्टा लावून ठोके मोजणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की ऊन चढलं आणि अंगातलं पाणी घटलं की तेवढ्याच जोराला ठोके आपोआप वाढतात. सकाळी आठचे १३० आणि दुपारी दोनचे १३० एक नव्हेत.

आता थांबे. वारीत 'विसावा' वेगळा आणि 'मुक्काम' वेगळा, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. सायकलवर मात्र आपण प्रत्येक विसाव्याचा मुक्काम करतो. चहा पाच मिनिटांचा, पण बूट काढले, फोन काढला, फोटो काढले, कोणीतरी पोहे सांगितले की पंचवीस मिनिटं गेली. असे पाच थांबे केले की दोन तास संपले, आणि मग ते भरून काढायला ताशी तीन किलोमीटर वेग वाढवायचा, दीडपट ताकदीने. हळू जाऊन कमी थांबणारा माणूस वेगाने जाऊन जास्त थांबणाऱ्याच्या आधी पोचतो, हे मी गुपित म्हणून सांगत नाही. कोणत्याही कंट्रोलवर तासभर उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं.

हे सगळं नवं आहे असं मित्राचाही दावा नाही. फ्रान्सच्या सेंट-एतिएन गावात पॉल द विवी नावाचा रेशमाचा व्यापारी होता, १८५३ ते १९३० हा त्याचा काळ. 'वेलोसियो' या नावाने तो लिहायचा. लांबच्या प्रवासासाठी त्याने सात नियम घालून दिले. थांबे थोडे आणि लहान. भुकेच्या आधी खाणं, तहानेच्या आधी पाणी. स्वतःला इतकं दमवायचं नाही की अन्नावरची वासना उडेल. आणि केवळ दुसऱ्याला दाखवण्यासाठी पॅडल मारायचं नाही, असा त्यांचा आशय. तो शाकाहारी होता, हे 'मांस न खाता जमेल का' विचारणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो. सायकलला अनेक गिअर असावेत म्हणूनही तो आयुष्यभर भांडला, आणि त्याच्या विरुद्ध बाजूला होता आपला कप्तानवाला देग्रांज. गिअर म्हणजे म्हाताऱ्यांची सोय, असं त्याचं मत. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर गिअर वापरायला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये, वेलोसियो गेल्यानंतर सात वर्षांनी. खंबाटकीत सगळ्यांत हलका गिअर टाकताना ज्यांना अजून लाज वाटते त्यांनी आपण कोणाच्या पंगतीत बसतोय ते पाहावं.

एक सावधगिरीची सूचना. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची काही तक्रार असेल तर या पुस्तिकेतले ग्रॅम आणि लिटर तसेच्या तसे उचलू नका, आधी डॉक्टरांशी बोला. इतरांनीही पुस्तिकेतलं काहीच पहिल्यांदा ब्रेव्हेच्या दिवशी करून पाहू नये. पोटालाही सराव लागतो. रविवारच्या सिंहगडला, पन्नास-साठ किलोमीटरच्या फेरीला, घड्याळ लावून दर वीस मिनिटांनी खाऊन पाहा. पहिल्या दोन वेळा वेडेपणा वाटेल.

शेवटच्या पानांवर मित्राने एक रिकामा तक्ता दिला आहे : तास, किलोमीटर, काय खाल्लं, किती प्यायलो, कसं वाटलं. 'कसं वाटलं' हा रकाना ठेवू नकोस, तिथेच माणूस फसतो, असं मी त्याला सुचवलं. तो म्हणाला, राहू दे, नंतर वाचून हसू येईल.

माझं त्या दिवशीचं ते कार्ड अजून माझ्याकडे होतं. शिरवळला रस प्यायलो, उठलो, चालवत राहिलो. खेड शिवापूरपासून कात्रजचा चढ सायकल हातात धरून चढलो आणि ७:४७ ला पोचलो. सतरा मिनिटं उशिरा. काका तोवर घरी जाऊन जेवले असतील. मित्राने ते कार्ड पुस्तिकेसाठी मागून नेलं. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला त्याचा फोटो आहे. साताऱ्याचा शिक्का आणि १०:४५ ही वेळ त्यात स्वच्छ दिसते, शेवटचा चौकोन कोरा आहे. केळ्याचा डाग मात्र छपाईत फिका आला आहे.